चालत्या कुलपाला हात लावू नये

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर आहे. मधोमध टेबल. टेबलावर दवाखान्यात असतो तसा स्टीलचा ट्रे, त्यावर पांढरा नॅपकिन, आणि नॅपकिनवर तीन हत्यारं अशी ओळीत मांडलेली की आता कुणाचा तरी दात निघणारच. पेशंट मात्र कुठे दिसत नाही. लाकडी फळीत घट्ट बसवलेलं एक पितळी कुलूप आहे आणि त्याच्यापुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसलेली साठीची बाई त्याला हळूच म्हणते आहे, "आ करा."

आतल्या खोलीतून आवाज येतो, "कीड लागलीय का गं त्याला?"

"आक्का, गप्प बस."

"नाही, घरफोडी शिकायचीच तर सभ्यपणे शिकतेयस, तेवढंच कौतुक वाटलं."

या आपल्या दातबाई. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण चौतीस वर्षं एकाच दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून उभं राहिल्यावर पाळण्यातलं नाव कुणाच्या लक्षात राहतं? लोक त्यांना डॉक्टरांचा उजवा हात म्हणत. खरं तर त्यांचं सगळं नशीब डाव्या हातात होतं. उजव्या हाताने हत्यार पुढे करायचं, डावा पेशंटच्या हनुवटीखाली. दाबायचं नाही, सोडायचंही नाही. मोठमोठे पैलवान खुर्चीत थरथरायचे आणि त्या तळहातावर हनुवटी टेकली की लेकरासारखे तोंड उघडायचे.

आतून बोलत होत्या त्या आक्का, दातबाईंची थोरली बहीण. गणिताच्या शिक्षिका, आता निवृत्त. दोघींनीही लग्न केलं नाही. आक्का म्हणायच्या, "मला कुणी पसंत पडला नाही आणि हिने प्रत्येकाचे दातच पाहिले." आक्कांना साखरेचा आजार. जेवणाआधी इन्शुलिनचं इंजेक्शन, आणि ते घेतल्यावर ताट समोर यायलाच हवं. ते ताट वेळेवर वाढणं ही दातबाईंची जबाबदारी, आणि त्यात आजवर एकदाही चूक झाली नव्हती.

आता या बाईला कुलपांचा नाद लागला कुठून? तर दवाखाना कायमचा बंद झाला त्या दिवशी हत्यारांच्या कपाटाची चावी सापडेना. दातबाईंनी मागचापुढचा विचार न करता दात तपासायची अणकुचीदार सळई कुलपात घातली, दाबून फिरवली, आणि टोक आत तुटलं. चावीवाल्याला बोलवावं लागलं. त्याने चिमट्याने तुकडा ओढून काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, तुमचा दात. बाई, हे पोलाद कडक. कडक माणूस वाकत नाही, मोडतो. कुलपात जायचं तर थोडं लवावं लागतं."

मग आपल्या हत्याराने त्याने ते कुलूप दोन जांभयांत उघडलं. दातबाई बघत राहिल्या. चौतीस वर्षं काम केलेले हात दुसऱ्या दिवसापासून रिकामे होणार होते, आणि इथे समोर एक तोंड असं होतं जे हळुवार हाताशिवाय उघडतच नाही.

आठच दिवसांत त्या त्याच्या दुकानात हजर. हातात संगणकावरून छापून आणलेला कागद. चाळीस हत्यारांचा संच, चामड्याच्या पाकिटात.

चावीवाल्याने कागद उलटसुलट पाहिला. "काय करायचंय? लग्नात द्यायचाय?"

"शिकायचंय. छंद म्हणून."

"मग हे चाळीस दागिने कशाला? त्यातले सदतीस नुसते मिरवायला. पत्रा जाड आहे बघा, आपल्या साध्या कुलपाच्या फटीत शिरायचाही नाही." त्याने खण उघडून एक बारीक आकडा काढला. पातळ, टोकाशी किंचित वर वळलेला, मुठीला गुळगुळीत. "हा एक. आत पाच पिना असतात, एकेक करून त्यांना वर उचलायचं, ते याने." मग दोन वाकवलेल्या पट्ट्या. "एक रुंद, एक अरुंद. कुलपाला वळवायचा ताण हिने द्यायचा. नवशिके सगळा जीव आकड्यात घालतात. खेळ सगळा पट्टीत असतो, म्हणजे तुमच्या डाव्या हातात. हलका ठेवा."

"हलका म्हणजे किती?"

"ते सांगता आलं असतं तर मी दुकान काढलं असतं का? शाळा काढली असती."

दातबाईंनी आरपार दिसणारं सरावाचं कुलूप मागितलं, तेही त्याने दिलं नाही. "डोळ्यांनी शिकाल तर हात आळशी होतील." एक पितळी कुलूप दिलं, एक लोंबतं, कडीत अडकवायचं. आणि पाकीट बांधता बांधता दोन नियम सांगितले. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. आणि चालत्या कुलपाला, मग ते आपल्या स्वतःच्या दाराचं का असेना, हात लावायचा नाही. "आत तुकडा अडकला तर खरी चावीसुद्धा जात नाही. मग मीसुद्धा काही करू शकत नाही, यंत्राने भोक पाडावं लागतं. वचन द्या."

दातबाईंनी वचन दिलं.

तीन महिने झाले. पितळी कुलूप पाचातून एकदा उघडायचं. लोंबतं उघडतच नव्हतं. त्या खटखटीने आक्कांचं डोकं उठायचं, म्हणून दातबाई ते घेऊन गच्चीवर जाऊ लागल्या.

त्या दिवशीही तसंच झालं. दुपारचा एक. आक्कांनी इंजेक्शन घेतलं. दातबाई म्हणाल्या, "गच्चीवरचे वाळलेले कपडे काढून आणते, आले की वाढते. पाच मिनिटं." हत्यारं अ‍ॅप्रनच्या खिशात होती, लोंबतं कुलूपही. कपडे काढले, घड्या केल्या, आणि सहज म्हणून कुलूप हातात घेतलं. आणि त्या मेल्याने नेमकं आजच तोंड उघडलं! खट्. जन्मात पहिल्यांदा. आनंदाने त्यांनी ते परत लावलं. योगायोग नव्हता ना, ते बघायला. मग पुन्हा एकदा. मग आणखी एकदा.

भान आलं तेव्हा पाऊण तास झाला होता.

त्या जिन्यावरून अक्षरशः गडगडत उतरल्या. उघडं ठेवलेलं दार वाऱ्याने लागलं होतं. लागलं की आपोआप बंद होणारं कुलूप, चावी आत. दार आक्कांनीच निवडलेलं, इमारतीत चोरी झाल्यावर. आतून लोखंडी पत्रा.

"आक्का! दार उघड!"

त्यांनी दोन्ही तळहातांनी दार बडवलं. मग दाराच्या तळाशी, जमिनीजवळून, एक जड आवाज आला. "शाळा सुटली. उद्या या."

इंजेक्शनावर जेवण नाही, रक्तातली साखर उतरली होती. अशी एकदाच उतरली होती, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडा उशीर झाला असता तर शुद्ध गेली असती, आणि गेलेली शुद्ध परत येतेच असं नाही.

समोरचं दार उघडलं. बँकेतले शेजारी, बनियनवर. "काय झालं? मी खांदा मारू?"

"त्या पत्र्याला तुमच्या खांद्याची कीव येईल हो. आधी फोन द्या. आणि वाटीत पाण्यात साखर कालवून आणा, घट्ट."

रुग्णवाहिका निघते म्हणाली. पण दार कोण उघडणार? चावीवाल्याचा नंबर पाठ होता.

"मी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं. हत्यारं आहेत जवळ?"

"आहेत. पण तुम्हाला वचन दिलंय."

"तुकडा आत अडकला तर मी येऊनही उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. बाकी दार तुमचं आहे, बहीण तुमची आहे. घाई करायची असेल तर हळू करा." फोन बंद.

"आक्का, बोलत राहा. साताचा पाढा म्हण."

"साती साती..." आतून आवाज आला, "एकोणपन्नास. साती आठी..." आणि थांबला.

दातबाई गुडघ्यांवर बसल्या. रुंद पट्टी फटीच्या तळाशी लावली, ती सगळी जागा खाऊन बसली. अरुंद लावली. आकडा आत. घाईत आकडा दातावर दात आपटावेत तसा वाजला. पहिली पिन उचलली, बसली. दुसरी. तिसरी अडली. त्यांनी जोर दिला, तोच जुना, सळई दाबून फिरवतानाचा जोर. आकडा वाकला. हातात ते वाकणं स्पष्ट कळलं, जणू कुणी मनगट धरलं. अजून केसभर, आणि कपाटाच्या कुलपातलं ते टोक पुन्हा.

"साती आठी?" त्या दाराला तोंड लावून ओरडल्या.

त्यांनी कान दाराला लावला.

"मी शाळेत त्यांचाच विद्यार्थी," शेजारी वाटी धरून पुटपुटले, "त्यांना छप्पन्न माहीत नाही असं होणारच नाही."

"तुम्ही रडू नका, वाटी सांडेल."

दातबाईंनी आकडा बाहेर काढला. पूर्ण बाहेर. डोळे मिटले. डाव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवलं, आणि दाबलं नाही. सोडलंही नाही. खुर्चीतल्या पैलवानाची हनुवटी. ओठ आपोआप हलले, "झालं हं, काही नाही, जरासं."

पहिली. दुसरी. तिसरी आता स्वतःहून वर गेली, जशी भीती गेल्यावर जीभ बाजूला होते. पाचवी. मग चौथी. खट्.

कुलूप जरासं हललं आणि अडलं.

पाचही पिना बसल्या होत्या आणि दार बंदच. त्यांच्या कपाळावरचा घाम पापणीत उतरला. शेजाऱ्यांनी "आता काय हो?" म्हटलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांचा उजवा हात हवेत, रोज बाजारातून आल्यावर फिरतो तसा, न दिसणारी चावी फिरवत होता. डावीकडे. हे कुलूप डावीकडे उघडतं. सरावाची दोन्ही कुलुपं उजवीकडची. तीन महिन्यांची सवय हातात बसली होती आणि ताण उलट्या बाजूला दिला होता.

सगळं सोडून द्यावं लागलं. पाचही पिना टपटप खाली पडल्या.

आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. कापडाचा, भिंतीवरून.

पट्टी डावीकडे. हनुवटी. ताण उलटला तशी पिनांची पाळीही बदलली, आता पहिली ढिली आणि चौथी ताठ. मग चौथी आधी. दुसरी. पाचवी. पहिली. उरली तिसरी. ती हलेना, आणि या वेळी दातबाईंनी जोर वाढवला नाही, डावं बोट किंचित सैल केलं. एवढंसं. तिसरी वर गेली, कुलूप वळलं, आणि दार आत जाऊन कशावर तरी मऊसर टेकलं.

आक्का चपलांच्या फळीला टेकून बसल्या होत्या. पोलकं घामाने ओलंचिंब, ओठ पांढरे. डोळे अर्धे उघडे. नजर हळूहळू वर सरकत बहिणीच्या हातातल्या आकड्यावर येऊन थांबली.

"चोर," आक्का पुटपुटल्या. मग बराच वेळ शोधून, "...छप्पन्न."

दातबाईंनी आकडा जमिनीवर टाकला. शेजाऱ्यांच्या हातातून वाटी ओढली, बोटभर साखर घेतली. डावा हात बहिणीच्या हनुवटीखाली गेला.

"पाढे मग म्हणू. आधी आ कर, आक्का."