कुंकवाखालची काच

उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कारखान्याची गच्ची दिसते. मोटारसायकलच्या दिव्यांच्या प्लॅस्टिक काचांवर आम्ही नवा लेप दिला होता आणि तो उन्हात टिकतो का हे पाहायला काही काचा तिथे मांडल्या होत्या. शेजारच्या मागांची लय दुपारभर चालायची, टॉवेलांचे पांढरे तंतू हवेत तरंगत राहायचे. खंडेनवमीला झाडलोट करणाऱ्या मावशींनी यंत्रांबरोबर त्या काचांनाही तेलात कालवलेलं कुंकू लावलं. “पुसा ते,” मी म्हटलं. “देवाचं पुसत न्हाईत, बाई,” म्हणत त्या खाली गेल्या आणि कामाच्या गडबडीत ते तसंच राहिलं. उन्हाळ्यात काचा धूसर दिसू लागल्या. मालक म्हणाले, “नुसती धूळ बसलीय, लेप चांगलाय. माल पाठवू.” मी एक काच धुतली. कुंकू निघालं तिथे, जिथे ऊन पोचलंच नव्हतं, बोटाएवढा लखलखीत गोल होता. भोवताली मात्र धुऊनही पहाटेच्या धुक्यासारखा पांढुरकेपणा. अशा दिव्याच्या उजेडात कुणाला रस्ता दिसला नसता. मालक त्या गोलातून बराच वेळ आभाळ बघत राहिले. माल थांबला. “पुसा म्हणत हुता की,” मावशी म्हणाल्या. आता प्रत्येक नमुन्याचा एक कोपरा मी चिकटपट्टीने झाकून ठेवते. पहिल्या काचेला मात्र कुंकूच लावते.