न हरवलेली किल्ली

इंदूर शहरात आजवर जे जे वाईट घडायचं राहून गेलं, ते सगळं आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंमुळे राहून गेलं, हे मी छातीठोकपणे सांगते. बाई प्रत्येक संकटाची काळजी इतकी आधी आणि इतकी मनापासून करून ठेवतात, की त्यानंतर खरोखर यायला संकटालाच लाज वाटत असावी. एकोणीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये शेजारी बसलो. त्या गणित शिकवायच्या, मी चित्रकला. त्यांच्या पर्समध्ये टॉर्च, सेफ्टी पिना, चपलेचा जादा अंगठा, मीठ-साखरेची पुडी आणि सगळ्या पोलीस चौक्यांचे नंबर लिहिलेली वही कायम असे. अन्नपूर्णा भागात दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहतात. निघताना कुलूप लावायचं, जिना उतरायचा, परत वर जाऊन कुलूप ओढून बघायचं, असं किमान चार वेळा होतं. शेजाऱ्यांनी सकाळी त्यांना नमस्कार करणंच सोडून दिलं, कारण दर खेपेला केला तर चारदा करावा लागतो. लग्न का केलं नाही असं एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, माझीच मला पुरून राहिली आहे काळजी. त्यात आणखी एक माणूस कशाला?"

मांडूच्या सहलीची गोष्ट तर आमच्या शाळेत अजून सांगतात. बेचाळीस मुली नेल्या होत्या आणि बाई प्रत्येक घुमटाखाली त्यांना मोजत होत्या. रूपमती महालाजवळ संख्या त्रेचाळीस भरली. दुसरं कोणी असतं तर मोजण्यात चूक झाली म्हणून पुढे गेलं असतं. बाई मटकन पायरीवर बसल्या. "एक कमी असती तर शोधता आली असती," त्या म्हणाल्या, "जास्त झाली ती परत कुणाला करायची?" ती मुलगी उज्जैनच्या एका शाळेची होती आणि आमच्यातल्या एकीच्या डब्यातले पराठे खात निवांत बसली होती. तिची बस सापडेपर्यंत बाईंनी तिचा हात सोडला नाही, आणि बस सापडल्यावर त्या शाळेच्या मुलीसुद्धा मोजून दिल्या.

बाई मराठी ख्रिस्ती. त्यांचे आजोबा नगरकडून इथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. महूच्या वाटेवर एका जुन्या वस्तीत त्यांच्या मराठी मंडळीचं, म्हणजे तिथे उपासनेला जमणाऱ्या समाजाचं, चर्च आहे. दगडी, कौलारू, पुढे ऐसपैस ओसरी. बाईंच्या लहानपणी नाताळात तिथे बाहेर खुर्च्या मांडाव्या लागत. मग मुलं पुण्याला गेली, नागपूरला गेली, त्याहून लांब गेली, आणि म्हातारी माणसं मागच्या कबरस्तानात गेली. मी पहिल्यांदा बाईंबरोबर गेले तेव्हा अकरा माणसं होती. पुढे सात, मग चार. महिन्यातून एकदा उपासना घ्यायला येणाऱ्या पाळकांची, म्हणजे पाद्रींची, बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणाला पाठवलंच नाही. मंडळी बंद झाल्याचं चर्चच्या विश्वस्तांचं पत्र आलं. किल्ल्यांचा जुडगा बाईंकडे होता, तो त्यांच्याकडेच राहिला.

बंद म्हणजे बंद हे बाईंना मान्य नव्हतं. दर रविवारी त्या जाऊन दार उघडत, झाडत, खिडक्यांच्या कड्या तपासत आणि आपल्या तिसऱ्या बाकावर बसत. न्यायला-आणायला माझी स्कूटर. मागे बसून त्या सारख्या सांगत असायच्या, "अगं, ट्रक!"

"बाई, तो उभा आहे."

"उभा आहे, पण सुरू होईल ना!"

चर्चमध्ये आम्ही दोघीच. मी आपली मागे बसून खिडकीच्या रंगीत काचा वहीत काढायची आणि बाई गायच्या. पण त्या चाळीस वर्षं गायनवृंदात दुसरा आवाज म्हणत आल्या होत्या, त्यामुळे आताही त्या फक्त दुसराच आवाज म्हणत. मूळ चाल त्यांच्या मते त्यांचा प्रांत नव्हता. त्या रिकाम्या चर्चमध्ये ते गाणं ऐकताना फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं कानावर पडल्यासारखं वाटायचं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग विश्वस्तांचं दुसरं पत्र आलं. राजेंद्र नगरला एक हिंदी मंडळी एका लग्नाच्या हॉलमध्ये जमत असे आणि ती इतकी वाढली होती की हॉल पुरेना. शिवाय लग्नसराईत दहाच्या आत उपासना आटपून हॉल कॅटररच्या हवाली करावा लागे. त्यांना आमच्या बाईंचं चर्च द्यायचं ठरलं होतं. पुढच्याच रविवारी त्यांचे तरुण पाळक जागा बघायला आले. झाबुआकडचे, तिशीतले, पायात खेळाचे बूट. "जय मसीह की, आंटीजी," म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला. बाईंनी त्यांच्या हातात अकरा पानांच्या सूचना ठेवल्या. तिसऱ्या खिडकीची कडी कशी वर उचलून लावायची, पावसाळ्यात कोणत्या कौलाखाली बादली ठेवायची, घंटेचा दोर कुणी ओढू नये, असं सगळं होतं त्यात. पाळकांनी तिथेच ओसरीवर बसून अकराच्या अकरा पानं वाचली. बाई त्यांच्याकडे परीक्षेच्या हॉलमधल्यासारख्या बघत उभ्या होत्या.

"कितने लोग आते हैं आपके?" बाईंनी विचारलं.

"ढाई सौ के आसपास, आंटीजी."

बाईंनी पर्समधून टेप काढली. एका माणसाला अठरा इंच धरून बाकं मोजली. दाटीवाटीने नव्वद. त्यांनी तो हिशेब पाळकांना दाखवला आणि उत्तर बरोबर आलंय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा आशाही आली. पाळक म्हणाले, "बेंच दीवार से लगा देंगे आंटीजी. लोग दरी पर बैठ जाएँगे."

परत येताना त्या गप्प होत्या. राऊजवळ एक ट्रक खरोखरच अंगावर आल्यासारखा आला, तरी मागून एक शब्द नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

किल्ल्या द्यायच्या दिवशी बाईंनी प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधून आणली होती. पाळकांनी एकेक वाचून पाहिली आणि विचारलं, "पीछे वाले कमरे की?" वेदीच्या मागे एक छोटी खोली आहे, पाळकांनी तयारी करायची. बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "वो... गुम गई."

"कोई बात नहीं," पाळक म्हणाले. "ताला तोड़ना नहीं है. मिल जाएगी."

स्कूटर सुरू करून शंभर पावलं गेले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला, "चाबी माझ्या पर्समध्ये आहे." मी गाडी कडेला घेतली. माझ्या माहितीत बाईंनी आयुष्यात केलेला हा पहिला खोटेपणा. त्या खोलीत एक लाकडी कपाट आहे आणि कपाटात मंडळीच्या नोंदवह्या. कुणाचा बाप्तिस्मा कधी, कुणाचं लग्न कुणाशी, कुणाला कुठे पुरलं, हे सगळं पहिल्या पाळकांपासून मराठीत लिहिलेलं. "आज बाकं भिंतीला लावून राहिले," बाई म्हणाल्या, "उद्या वह्या रद्दीत जातील. त्यांची माणसं नाहीत ना गं त्यात. त्यांना काय?"

त्यानंतरचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात अस्वस्थ आठवडे होते, आणि गुन्हा माझा नव्हता. बाईंनी किल्ली आधी तांदळाच्या डब्यात ठेवली. मग उशीच्या अभ्र्यात. मग एका सकाळी रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणून दिली आणि त्या दिवसापासून रोज सहाला फोन, "आहे ना?" आठवड्याभरात मीही झोपेतून उठून रुमाल चाचपायला लागले. फोन वाजला की बाईंना वाटे पाळकच असणार, आणि तो कधीच पाळकांचा नसे. त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा. "एकदा तरी ओरडले असते," त्या म्हणायच्या, "मग मला राग तरी आला असता." डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, गोळी वाढवली आणि विचारलं, "काही टेन्शन?" बाई म्हणाल्या, "नाही." हे दुसरं खोटं. त्यांनी मला ते मोजून सांगितलं.

रविवारी जावं तर पाळकांचं तोंड दिसायचं, न जावं तर संशय यायचा. शेवटी आम्ही गेलो. चर्च तुडुंब भरलं होतं. ढोलक, गिटार, ड्रम, सगळं एकदम. बाईंचे गुडघे खाली सतरंजीवर बसू देत नाहीत, म्हणून त्या भिंतीला लावलेल्या बाकावर आडव्या दिशेला तोंड करून बसल्या, कानात कापूस घालून. एप्रिलचं ऊन होतं. थोड्या वेळाने हवेसाठी आम्ही ओसरीवर आलो, तर तिथे सात-आठ बायका तान्ही मुलं घेऊन बसलेल्या. ओसरीवरचा पत्रा तापलेला, मुलं रडकुंडीला आलेली. पाळकांची बायको एका लहानग्या मुलीला गाण्याच्या कागदाने वारा घालत होती. मुलीच्या मानेवर घामोळ्यांनी लाल चट्टे उठले होते. "अंदर एक कमरा है," तिने बाईंना सांगितलं, "दूध पिलाने के लिए अच्छा रहता. बस चाबी गुम है. आप टेंशन मत लो आंटीजी, मिल जाएगी."

बाई त्या मुलीच्या मानेकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "दे."

"इथे?"

"दे म्हणते ना."

आत पाळक विचारत होते, "किसी को गवाही देनी है?" त्या मंडळीत दर रविवारी माणसं उभी राहून देवाने आपलं काय भलं केलं ते सांगतात. कुणाची नोकरी लागली, कुणाचा ताप उतरला. बाई मधल्या वाटेने पुढे गेल्या. हातात मी पर्समधून काढून दिलेला, किल्ली गुंडाळलेला रुमाल होता. मी दाराशीच उभी राहिले.

"मैं गणित की टीचर हूँ," बाईंनी सुरुवात केली, जणू पहिली ओळख तीच. "पास्टरजी को मैंने बोला चाबी गुम गई. गुमी नहीं थी. मेरे पास थी. मैंने झूठ बोला. आपके बच्चे बाहर गरमी में बैठे, वो मेरे कारण से."

मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने हात वर करून "हल्लेलुया!" म्हटलं आणि सगळं चर्च टाळ्या वाजवायला लागलं. प्रत्येक गवाहीनंतर टाळ्या वाजवायच्या ही त्यांची रीतच. ड्रमवाल्याने वर एक ठेका दिला. बाई संतापल्या. अडीचशे माणसांच्या डोक्यावरून मला मराठीत ओरडून म्हणाल्या, "अगं, टाळ्या कसल्या वाजवतात? मी खोटं बोलले म्हणून सांगितलं ना यांना!"

पाळकांनी किल्ली घेतली नाही. "आप ही खोलिए," एवढंच म्हणाले. उपासना संपल्यावर बाईंनी कुलूप काढलं, कपाट उघडलं आणि आपण हे का केलं ते शाळेतल्या मुलीसारखं मान खाली घालून सांगितलं. पाळकांनी बाप्तिस्म्याची वही मांडीवर घेतली. बोट ठेवून नावं मोठ्याने वाचत गेले. मराठी नावं त्यांच्या तोंडी जरा वेगळी होत होती आणि बाई दर तिसऱ्या नावाला दुरुस्ती करत होत्या. पानं उलटता उलटता ते कोऱ्या भागापाशी आले.

"आंटीजी, ये तो आधी खाली है. हमारे बच्चों के नाम भी इसी में लिख दीजिए ना. आपकी लिखावट अच्छी है."

"इसमें कॉलम सब मराठी में हैं."

"तो क्या हुआ?"

बाईंनी पर्समधून पेन काढलं. पुढचा सगळा उन्हाळा त्या दर रविवारी त्या खोलीत बसून आयांना मुलांच्या नावाचं ऱ्हस्व-दीर्घ तीन-तीनदा विचारत होत्या. एका बाजूला दूध पिणारी मुलं, दुसऱ्या बाजूला कपाट. कपाटापासून दोन हातांच्या आत दुधाची बाटली आणायची नाही असा नियम त्यांनी भिंतीवर हिंदीत लावला. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मराठी उपासना परत सुरू झाली नाही, होणारही नाही. दोन बाकं मोडकी निघाली म्हणून गेली, त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. ड्रमच्या आवाजाने कौलं सुटतील ही भीती अजून आहे.

या हिवाळ्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन मुलांची नावं नोंदवायची राहिली होती, तर त्यांनी मला पाठवलं. "तू चित्रकलेची, तुझं अक्षर चालेल," म्हणाल्या. संध्याकाळी खोलीत मी एकटी होते. कपाटातून वही काढली, पण ती चुकून दफनाची निघाली. शेवटच्या नोंदीच्या खाली पेन्सिलीने, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, बाईंचं स्वतःचं पूर्ण नाव होतं. वडिलांचं नाव. धंदा: शिक्षिका, निवृत्त. वय आणि तारीख ही दोन घरं कोरी. शेवटच्या घरात, दफनविधी करणारे पाळक, तिथे त्या तरुण पाळकांचं नाव होतं. ते मात्र शाईने लिहिलेलं होतं.

मी वही होती तशी ठेवली. दुसरी काढली, तीन नावं लिहिली, तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"झाली का गं नावं?"

"झाली."

"ती दुसरी वही उघडली नाहीस ना?"

"नाही बाई."

"बरं," त्या म्हणाल्या, "आता अंधार पडायच्या आत घरी जा. आणि पोचलीस की मला फोन कर."