चार बटणं, पाच पायऱ्या

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेल असा. तिला माझ्याविषयी तसं काहीच वाटायचं नाही, याचा तर आणखीच राग यायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नर्सिंगची पदवी घेऊन आणि ठाण्यात दोन वर्षं वॉर्डात काढून मी मनोरुग्णांच्या आणि मतिमंदांच्या शुश्रूषेचा वर्षभराचा कोर्स करत होते. मतिमंद हाच शब्द तेव्हा सगळे वापरायचे. पदवीला मी वर्गात पहिली आले होते आणि ते कोणी विचारलं नाही तरी मी सांगायचे. आमचं घर डोंबिवलीत, वडील बँकेत. ती माझ्याच कोर्सला, कोपरची, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली. पुस्तकातलं इंग्रजी तिला अडायचं. ते मी समजावून द्यायचे आणि देताना मला फार बरं वाटायचं.

शेवटचे तीन महिने आम्हा दोघींना मानपाड्याकडच्या एका मतिमंद मुलांच्या शाळेत पाठवलं. तिथे जूनपासून नर्सची एक कायम जागा भरायची होती. आमच्या मॅडम जिचं नाव सुचवतील तिला ती मिळणार, हे दोघींनाही माहीत होतं. मला ती जागा हवी होती. घरापासून चालत वीस मिनिटं, रात्रपाळी नाही. आणि खरं म्हणजे ती तिला मिळालेली मला बघवली नसती.

दोघींत मिळून एकच विद्यार्थिनी दिली होती, पंधरा वर्षांची, कमी बोलणारी. तिच्या खांद्याला रुमाल पिन लावून टाचलेला असे. तिला स्वतःच्या शर्टाची चार बटणं लावायला शिकवायची, एवढंच काम. पहिले सहा आठवडे एकीने शिकवायचं आणि दुसरीने बाजूला बसून तक्ता भरायचा, मग अदलाबदल. तक्त्यात प्रत्येक बटणापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: ‘हात धरून’, ‘सांगून’ किंवा ‘स्वतः’. दिवसाच्या शेवटी खाली दोघींच्या सह्या.

पहिली पाळी माझी. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बटणांची लाकडी चौकट घेतली आणि मुलीसमोर ठेवून रोज घोटून घेतलं. महिन्याभरात ती चौकटीवरची बटणं पटापट लावायला लागली. मी मोठ्या तोऱ्यात मॅडमना बोलावलं. मॅडमनी चौकट उचलून बाजूला ठेवली आणि मुलीला अंगावरच्या शर्टाची बटणं लावायला सांगितली. मुलगी छातीकडे बघत राहिली आणि मग उठून चौकट शोधायला लागली. समोरच्या चौकटीवर ज्या बाजूला बटण असतं, ते अंगावर दुसऱ्या बाजूला येतं, हे वर्गात पहिल्या आलेल्या बाईला सुचलं नव्हतं.

मग तिची पाळी आली. तिने चौकटीला हातही लावला नाही. ती मुलीच्या मागे उभी राहायची आणि मागून हात पुढे घेऊन वरची तीन बटणं स्वतः लावायची. शेवटचं मुलीसाठी सोडायची, आणि मग आपले हात पाठीमागे बांधून थांबायची. किती थांबायची! मला बसल्या जागी मुंग्या यायच्या, माझे हात आपोआप पुढे व्हायचे. ती मात्र खिडकीतून बाहेर बघत उभी. इतकं थांबणं कुठे शिकलीस, असं मी एकदा विचारलं.

‘‘माझा भाऊस हाय ना तसाच,’’ ती म्हणाली. ‘‘घाई केली का रुसतो.’’

लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मला तिच्या मतिमंद भावाचाही हेवा वाटला. मला पुस्तकातून मिळवावं लागत होतं ते हिला घरात आयतं मिळालं होतं, असं मनात आलं. त्या घराने काय सोसलं असेल, हे मनात आलं नाही.

पाचव्या आठवड्यात मुलीने चारही बटणं लावली. कोणी हात धरला नाही की चकार शब्द काढला नाही. मुलगी वळली आणि तिच्या गळ्यात पडली. मीही तिथेच बसले होते, पण माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी तक्ता पुढे ओढला आणि चारही बटणांपुढे लिहिलं, ‘सांगून’.

सही करताना ती थबकली. ‘‘मी बोलले काय गं?’’

‘‘बोललीस. सवयीने,’’ मी म्हटलं.

‘‘असंल,’’ ती म्हणाली. ‘‘माझं तोंड कुठं गप बसतं.’’ आणि तिने सही केली.

ती भांडली असती तर मी बरोबर शब्द लिहिला असता, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या मागे उभं राहण्याआधी तिने आपला रुमाल दातांत घट्ट धरला, चुकूनही शब्द निघू नये म्हणून. मुलीने मान वळवून पाहिलं, आणि आपल्या खांद्यावरचा रुमाल दातांत धरला. मग बटणं लावली. त्या दिवसापासून मला ‘स्वतः’ लिहिणं भागच होतं.

आमच्या कोर्सच्या परीक्षेच्या दिवशी मॅडमसमोर मुलीने आधी रुमाल दातांत धरला आणि मग चार बटणं लावली. हे काय, असं मॅडमनी विचारलं. माझ्या सोबतिणीने सरळ सांगून टाकलं की मी मधेच बोलते, तक्त्यात आलंय, म्हणून मी रुमाल धरायचे, ते पोरीने उचललं. मॅडमनी पानं उलटून माझा शब्द पाहिला, मान हलवली आणि शेरा लिहिला की शिकवणारीने नको ती सवय लावली. मी हातभर अंतरावर बसले होते. तोंड उघडायला मला कोणी मनाई केली नव्हती.

जागा मला मिळाली. ती कल्याणच्या एका हॉस्पिटलात लागली. जाण्याआधी माझ्यासाठी घरून डबाभर करंज्या घेऊन आली आणि मनापासून म्हणाली, ‘‘तूच बरी हितं.’’ ती गेली, पण माझा जळफळाट काही गेला नाही. मुलगी रोज तिच्या वेळेला दाराकडे बघत बसायची. ती रुमालाची सवय मोडायला मी वर्षभर शिकलेले सगळे उपाय केले. रुमाल काढून ठेवला तर ती बटणाला हात लावायची नाही. शेवटी मी हरले.

नव्वदीच्या मध्यावर ती मुलगी शाळेच्या कार्यशाळेत पाकिटं चिकटवायला बसायची. आता बाईच झाली होती. त्या वर्षी एक नवी शिकाऊ नर्स तिचा तक्ता भरायला आली. सकाळी तिला शर्ट घालताना नीट बघून तिने मला विचारलं, ‘‘सिस्टर, बटणं चार आहेत, पण ही पायऱ्या पाच करते. आधी रुमाल धरते. ते लिहू का?’’

‘‘लिही. पहिली पायरी तीच.’’

‘‘आणि बटणांपुढे?’’

‘‘स्वतः,’’ मी म्हटलं. ‘‘चारही बटणांपुढे ‘स्वतः’ लिही.’’

तिने लिहिलं, खाली आपली सही केली आणि दुसऱ्या सहीसाठी तक्ता माझ्याकडे सरकवला.