रिळावर गेलेली गाठ

माझा दादा गळाच्या सामानाच्या दुकानात रीळ भरायला बसायचा. सगळे त्याला 'कटकट' म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. विणलेली दोरी भरताना तो ती ओल्या फडक्यात दाबून धरायचा. सैल भरली की गळ फेकताना वेटोळी एकदम सुटतात आणि गुंता होतो, हे गिऱ्हाइकाला ऐकवायचा, गिऱ्हाईक गेलं की मला ऐकवायचा. "फेकून झालं की रिळावरची दोरी अडवणारी तार हाताने खाली पाडा. मग दोरी ओढून ताणून घ्या." माझ्या लग्नातही त्याने मला एवढा उपदेश केला नव्हता.

विणलेल्या दोरीपुढे जाड, गुळगुळीत दोरी जोडतात, ती लीडर. तिच्या लांबीबाबत दादा कुणाच्या बापाचं ऐकत नसे. जोडाची गाठ गळाच्या काठीवर दोरी ओवायची जी कडी असतात, त्यांच्या बाहेरच राहिली पाहिजे. रिळावर गेली तर फेकताना ती वेटोळी ओढून नेते. "आणि खडकावर गुंता झाला की माणूस मान खाली घालून सोडवत बसतो," तो म्हणायचा. "समुद्र काही थांबत नाही."

पण माझा नवरा पडला त्याचा भाऊजी. त्यांच्यापुढे दादाचं तोंड उघडत नसे. त्या दिवशी यांना लांबलचक लीडर हवी होती, मोठा मासा दोरी खडकावर घासून तोडतो म्हणून.

"घाला हो चांगली लांब. तुमचं शास्त्र गिऱ्हाइकांसाठी ठेवा," हे हसून म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग गाठ मारली, थुंकीने ओली करून आवळली आणि रिळावर गुंडाळून टाकली. "वारा समोरून आहे, भाऊजी. जपून," एवढंच म्हणाला.

दुपारी वारा वाढला तसा दादा हातातलं रीळ तसंच टाकून उठला. "चल," म्हणाला. आम्ही धक्क्याच्या टोकाला पोचलो तेव्हा हे खालच्या खडकावर होते. वाऱ्यात दोरी उडू नये म्हणून समुद्राकडे पाठ केलेली, हातात गुंत्याचा गोळा, मान खाली.

"कापा, भाऊजी! कापा आणि वर या!"

वारा आमच्या तोंडावर येत होता, ओरडलेलं सगळं मागेच उडत होतं. यांनी मान वर केली, पण ती आम्हाला बघायला नाही, दोरी उजेडात धरायला. मागून लाट आली. फार मोठीही नव्हती. ती ओसरली तेव्हा खडकावर कुणी नव्हतं.

हे सापडले ते पार पलीकडच्या किनाऱ्यावर. दुखवट्याला भेटायला आलेली माणसं परत गेल्यावर दादा माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला.

"मी नाही म्हणायला हवं होतं," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

तुझी काय चूक रे, एवढंच त्याला ऐकायचं होतं. एवढुसं वाक्य, पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. अजूनही निघालेलं नाही.