पान्यानं आवळलेला फिल्टर

मिस्त्रीच्या पोटात दुखायचं ते ना डाव्या बाजूला, ना उजव्या. दुखायचं ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. तिथे त्याच्या मेहुण्याचं गॅरेज होतं.

बायकोचा हा धाकटा भाऊ मिसरूड फुटायच्या आत मिस्त्रीकडे कामाला लागला. पाना कसा धरायचा, इंजिनाला कान कसा लावायचा, सगळं मिस्त्रीनंच शिकवलं. आणि शिकून तयार झाला तसा पठ्ठ्यानं बरोब्बर समोरचाच गाळा घेतला. घेतला तो घेतला, वर पहिल्या दिवशी शटर दाजींच्याच हातून उघडून घेतलं. मिस्त्रीनं हसत हसत उघडलं. त्या हसण्यानं त्याचे गाल अजून दुखतात म्हणा ना.

मेहुणा वाईट असता तर किती सोपं झालं असतं! पण हा कुणाला उलट शब्द बोलायचा नाही, गाडी पुसून द्यायचा, आणि दाजी दिसले की हातातलं काम टाकून उठून उभा राहायचा. मिस्त्रीला त्या उभं राहण्याचाही राग यायचा. दुपारी बायको दोघांचे डबे घेऊन यायची. मिस्त्री एकेका हातात एकेक डबा तोलून बघायचा, आणि भावाचाच जड लागायचा.

"अहो, सारखेच आहेत."

"मग मी त्याचा घेतो."

तिनं मुकाट्यानं अदलाबदल केली, तरी समोर जाणाराच डबा त्याला जड वाटायचा.

गिऱ्हाइकं हळूहळू पलीकडे सरकली. त्याचंही मिस्त्रीनं एकवेळ गिळलं असतं, पण एक दिवस नर्सबाईही तेच बोलल्या. या बाई मोटरसायकलवरून घरोघरी जाऊन पेशंट बघायच्या, आणि गाडी घेतल्यापासून मिस्त्रीशिवाय कुणाचा हात तिला लागू दिला नव्हता. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी समोर टाकीन म्हणते. तिथे बसायला पंखा आहे."

पंखा! इतक्या वर्षांची सेवा एका पंख्यानं उडवून दिली.

मिस्त्री तेव्हा त्यांच्याच गाडीला नवीन ऑइल फिल्टर बसवत होता. फिल्टर म्हणजे पत्र्याचा बंद डबा, इंजिनाला बाहेरून फिरवून बसवतात. त्याच्या रबराच्या कड्याला तेलाचं बोट फिरवायचं आणि नुसत्या हातानं आवळायचा. पाना लावायचा तो फक्त काढताना. मेहुण्याला शिकवलेला हा पहिला धडा. त्या दिवशी मिस्त्रीनं कड्याला तेल लावलं नाही, आणि पाना घालून, दातओठ खाऊन फिल्टर आवळला. काढू दे म्हणावं आता त्याला पंख्याखाली बसून! वर सवयीनं आपला पिवळा ठिपकाही लावला, अर्धा फिल्टरवर, अर्धा इंजिनावर. मधे कुणी फिल्टर हलवला तर ठिपक्याचे दोन भाग सरकलेले दिसतात. ही त्याची जुनी खूण, आणि ती मेहुण्याला पाठ. जळणाऱ्या माणसाची अक्कल कशी चरायला जाते, बघा.

पुढे बरेच दिवस मिस्त्री वाट बघत राहिला. अखेर नर्सबाईंची गाडी समोर लागली, तसा हा स्टूल ओढून दारातच बसला. मेहुणा गुडघ्यावर बसला. फिल्टरला हात लावला, वाकून बघितलं, बघतच राहिला. मिस्त्रीला उकळ्या फुटल्या. पण मेहुण्यानं पाना काही उचलला नाही. तो उठला, बाईंशी काहीतरी बोलला, आणि बाई गाडी ढकलत सरळ रस्ता ओलांडून मिस्त्रीच्या दारात आल्या.

"तो म्हणतो, हे काम दाजीच करतील."

"हात टेकले वाटतं साहेबांनी!" मिस्त्री पलीकडे ऐकू जाईल असं बोलला. चहाला आलेले दोन-चार रिकामटेकडे हसले आणि मजा बघायला थांबले.

मग मिस्त्रीची वरात निघाली. पट्ट्याचा पाना लावला, तो सटकला. साखळीचा लावला, तर डबा चेपला. शेवटी जाडा स्क्रू ड्रायव्हर ठोकून आरपार घातला आणि जोर दिला. फिल्टर जागचा हलला नाही, पत्रा तेवढा फाटत गेला आणि काळं तेल कोपरापर्यंत ओघळलं. मेहुण्याच्या कपाळावर बघायचा होता तो घाम त्याच्या स्वतःच्या नाकावरून टपकत होता. पाय धरावे तर धरायचे कुणाचे? आवळणाराही आपणच.

"मिस्त्री, माझा पेशंट वाट बघतोय हो," नर्सबाई म्हणाल्या.

"होतंय, होतंय."

तेवढ्यात मेहुणा छिन्नी-हातोडी घेऊन आला. "दाजी, जरा बघू?"

मिस्त्री बाजूला झाला. करतो काय! मेहुण्यानं फडक्यानं तेल टिपलं, आणि कडेला तो पिवळा ठिपका वर आला. अखंड, जसाच्या तसा. दोघांनीही तो बघितला. मेहुण्यानं मिस्त्रीकडे मात्र बघितलं नाही. त्यानं फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि ठिपका स्वच्छ पुसून टाकला. मग फिल्टरच्या जाड कडेला छिन्नी तिरकी लावून हळूहळू ठोकत राहिला. चार-दोन ठोक्यांनंतर फिल्टर कुरकुरला आणि फिरला.

"बाई, उन्हातान्हात गाडी पळते तुमची," तो म्हणाला. "तापून तापून धरतो असा. कुणीही बसवला असता तरी धरलाच असता."

नव्या फिल्टरच्या कड्याला त्यानं तेलाचं बोट फिरवलं, हातानं आवळला, आणि रंगाची डबी पुढे केली. "दाजी, ठिपका तुम्ही लावा."

मिस्त्रीनं लावला. ठिपका जरा वाकडा आला.

चारचौघांत त्यानं वाभाडे काढले असते तर मिस्त्री भांडला असता, दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता. आता ते समाधानही नाही.

संध्याकाळी जेवायला वाढताना बायको खुशीत होती. "भाऊ सांगून गेला. म्हणाला, माझ्यानं हलेना, शेवटी दाजींनी काढला. म्हटलं, तुला शिकवलंय कुणी?" आणि तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की गाळा उघडल्यापासून तसं कधी बघितलं नव्हतं.

मिस्त्रीला हेच तर हवं होतं. पण हेसुद्धा त्यानंच द्यावं? पंखा त्याचा, गिऱ्हाइकं त्याची, आता चांगुलपणाही त्याचाच? निदान खरं बोलण्यात तरी त्याच्या पुढे जायला नको?

"त्यानं काढला," मिस्त्री ताटाकडे बघत म्हणाला. "अडकवला होता मी. मुद्दाम."

बायकोचा वाढता हात थांबला. "त्याला माहीत आहे?"

"आधी त्यालाच कळलं."

तिनं हातातली भाकरी त्याच्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोन्ही डबे मिस्त्रीच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "त्याचा तुम्ही नेऊन द्या."

मिस्त्री रस्ता ओलांडून गेला. मेहुणा हातातलं काम टाकून उठला.

"बस रे," मिस्त्री म्हणाला. "किती उभा राहशील!"

डबा जडच होता. त्यानं तो दिला.