आईची निळी साडी

आईची रामा रंगाची साडी मला हिरवी दिसायची. "डोळं फुटलं का गं तुझं? निळी हाय की!" ती खेकसायची.

ती गेल्यावर आम्ही तिचं नेत्रदान केलं. तिचं निळं आता कुणाला तरी दिसत असेल, असं मी डोळ्यांच्या डॉक्टरांना म्हटलं.

"नाही ताई," ते म्हणाले. "आपण फक्त डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा बसवतो. रंग टिपणाऱ्या पेशी मागच्या पडद्यावर असतात, मूठभर ज्वारी उधळल्यासारख्या. प्रत्येकाच्या वेगळ्या विखुरलेल्या. त्या दुसऱ्याला देता येत नाहीत."

रिक्षा जुळे सोलापूरला पोचेपर्यंत मी त्यांच्यावर चिडूनच होते. घरी आल्यावर आईची साडी कपाटातून काढली. हिरवीच दिसली. आता भांडायला कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हणाले, "निळी हाय की!"