काकूंना समजेपर्यंत

"ऋतू गेली गं," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या. मी मनमाड स्टेशनवर नाशिकच्या गाडीची वाट पाहत होते, तिलाच दवाखान्यात भेटायला निघाले होते. डेंग्यूचा ताप, होईल बरी, असं सगळेच म्हणत होते... त्याला आता दीडेक महिना झाला. वेळ जाईल तसं दुःख ओसरेल म्हणतात. दुःखाचं माहीत नाही, पण माझा राग ओसरलेला नाही आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो. एम.ए. झाल्यावर मी बँकेच्या परीक्षांच्या मागे लागले आणि ऋतुजाला पुण्याच्या एका संस्थेत नोकरी लागली. एआयसाठी सरकारने काय नियम करावेत, याचा अभ्यास. तोही घरी बसून. नातेवाईक विचारायचे, म्हणजे नक्की करतेस काय? ती म्हणायची, कम्प्युटरला शिस्त लावते. मखमलाबादला तिच्या घरची शेवंती आणि झेंडूची शेती. दुपारी तिची आई, म्हणजे आमच्या काकू, घरामागच्या शेडमध्ये हार ओवायला बसल्या की ही लॅपटॉप घेऊन समोर बसायची आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायची. काकू मान वर न करता म्हणायच्या, "नाय समजलं." की वाक्य खोडलं. हे मंत्रालयातले लोक वाचणार, काकू नाही, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "नियम लागणार कुणाला आहे?"

तिचं पहिलं मोठं काम अंबडच्या कारखान्यांतल्या हजेरीच्या कॅमेऱ्यांचं. शिफ्ट सुटताना ती गेटबाहेर उभी राहून बायकांशी बोलायची. कॅमेऱ्याने चेहरा ओळखला नाही की त्या दिवसाचा खाडा, आणि दाद मागायला समोर कोणी नाही. त्यावर तिने आधी लिहिलं होतं, 'मानवी देखरेखीची परिणामकारक तरतूद'. नाय समजलं. बदललं, पुन्हा बदललं... शेवटी एका दुपारी मी तिथेच असताना तिने वाचलं, "मशीन नाही म्हणालं, तर हो म्हणू शकेल असा माणूस समोर हवा." काकूंचा हात थांबला. समजलं, म्हणाल्या. ऋतूने आनंदाने टोपलीतली शेवंती उचलून केसांत खोचली.

अहवाल छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं, संस्थेतल्या तिच्या सरांचं. सरांनी ऋतुजाचं काम चोरलं. तिने विचारलं तर म्हणे, करिअरच्या सुरुवातीला नावापेक्षा अनुभव मोठा, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी मी भांडणार आहे, असं ती मला म्हणाली होती. पुढची वेळ आलीच नाही.

शोकसभेला सर पांढरा झब्बा घालून पुण्याहून खास आले. माईक हातात घेऊन म्हणाले, "मी ऋतुजाला नेहमी सांगायचो, मशीन नाही म्हणालं, तर हो म्हणू शकेल असा माणूस समोर हवा." पहिल्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या. "सायेब, हे तिचं हाय. माझ्यासमोर लिवलं तिनं." आईच्या मनाची अवस्था आपण समजू शकतो, असं म्हणून सरांनी भाषण पुढे चालू ठेवलं. त्या क्षणापासून मी या माणसाच्या मागे लागले आहे. संस्थेला कळवलंय, अहवाल जिथे जिथे गेला तिथे कळवलंय. पुढच्या महिन्यात ते एका परिषदेत हाच विषय मांडणार आहेत. तिथे पहिला प्रश्न माझा असेल. सगळे सांगतात सोडून दे, ती काय परत येणार आहे? नाही येणार, म्हणूनच सोडणार नाही. ज्याला स्वतःचं नाव छापून आलेलं पाहायची एवढी हौस, त्याचं नाव मी इथे मुद्दाम छापत नाही. समोर येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचलंय की काय, या धास्तीत त्याने राहावं.

हा लेख मी काल त्याच शेडमध्ये काकूंना वाचून दाखवला. ऋतूच्या जागेवर बसवत नव्हतं... काकूंनीच गोणपाट पुढे सरकवलं. अहवालावरच्या नावाबद्दल मी लिहिलं होतं, 'श्रेय देताना संस्थेकडून त्रुटी राहिली.' काकूंनी मान वर केली नाही. "नाय समजलं." मी खोडलं आणि वाचलं, 'श्रेयाच्या बाबतीत तिच्यावर अन्याय झाला.' "नाय समजलं." मग मी लिहिलं, 'सरांनी ऋतुजाचं काम चोरलं.'

काकूंनी सुईत पुढचं फूल ओवलं. "हां," त्या म्हणाल्या, "आता छाप."